विहिरीवरच्या इंजिनाचा मूळ पुरुष

डिझेल म्हटले की आपल्याला पंपावर भरून आणलेला कॅन आठवतो. पण डिझेल हे आधी माणसाचे आडनाव, तेलाला ते मागाहून चिकटले. विहिरीवरचे ऑइल इंजिन, ट्रॅक्टर, मालाचा ट्रक हा सगळा त्यांचाच गोतावळा.

रुडॉल्फ डिझेल यांचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसचा. आईवडील जर्मन, वडिलांचा चामडी वस्तूंचा छोटा धंदा. १८७० साली फ्रान्स-जर्मनी युद्ध पेटले आणि या कुटुंबाला चंबूगबाळे उचलून लंडन गाठावे लागले. तिथेही ओढाताणच. बारा वर्षांच्या पोराला मग ऑग्सबर्गला नातेवाइकांकडे धाडले. पोरगा हुशार निघाला. म्युनिकच्या तंत्रविद्यालयात त्याने ऐकले, की वाफेचे इंजिन कोळशातली बहुतेक उष्णता वाया घालवते. ते डोक्यात पक्के बसले.

वाफेचे इंजिन परवडे मोठ्या गिरणीवाल्यालाच. गावचा लोहार, सुतार त्यापुढे टिकणार कसा? छोट्या कारागिराला झेपेल असे इंजिन करायचे, ही डिझेल यांची जिद्द होती.

त्यांची युक्ती सायकलच्या पंपाने कळते. हवा भरताना पंप गरम होतो ना? हवा त्याहून कितीतरी जोराने दाबली तर इतकी तापते, की तेल फवारताच पेट घेते. ठिणगी लागत नाही. १८९३ साली पेटंट मिळाले आणि ऑग्सबर्गच्या कारखान्यात काम सुरू झाले. त्याच वर्षी १० ऑगस्टला पहिल्या चाचणीत स्फोट झाला, दाब मोजायचे यंत्र उडाले. दुसरा कोणी असता तर हाय खाल्ली असती. यांना मात्र तेल पेटते, एवढे कळले. पुढे दाबाचे आकडे खाली आणावे लागले. १७ फेब्रुवारी १८९४ ला इंजिन स्वतःच्या बळावर मिनिटभर चालले, आणि १८९७ च्या चाचणीत तेलातली २६ टक्के उष्णता कामी आली. वाफेच्या इंजिनाला तेव्हा दहा टक्केही जड जात.

पैसा धो धो आला. पण सुरुवातीला विकलेल्या इंजिनांच्या तक्रारी आल्या, कोर्टकज्जे झाले, प्रकृती ढासळली. जमिनीच्या व्यवहारांत पैसा बुडाला. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात एक डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालले, ते इतके सुरळीत की बघणाऱ्यांना पत्ताही लागला नाही. शेतकऱ्याच्या तेलावर इंजिन चालेल, हे डिझेल पुढे सांगत राहिले.

कारागिराचे इंजिन मात्र राहूनच गेले. यंत्र अवजड, ते गेले कारखान्यांत आणि जहाजांत. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री बोटीने इंग्लंडला जाताना जेवण करून ते खोलीकडे वळले, सकाळी बिछाना न मोडलेला. दहाएक दिवसांनी समुद्रात प्रेत सापडले. खिशातल्या वस्तू मुलाने ओळखल्या. घर कर्जात होते. आत्महत्या की घातपात, यावर लोक अजून वाद घालतात.

लहान इंजिने आली ती त्यांच्या पाठीमागे. १९२० नंतर ट्रॅक्टर आणि ट्रक, १९३६ साली मोटारगाडी. धुराच्या जोरावर चाक फिरवून जादा हवा कोंबायची टर्बोची कल्पना स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ सालीच मांडली होती. मोटारगाडीत ती डिझेलबरोबर आली १९७८ साली.

आजही जुन्या टर्बो जीपचे इंजिन खोलून ताकद वाढवायची म्हटले, की हौशी मंडळी आधी पंपाचे डिझेल वाढवतात. मग काळा धूर निघतो, पिस्टन भाजतो. जाणता फिटर आधी चारही सिलिंडरचा दाब मोजतो, रिंगा, लायनर, व्हॉल्व्ह बघतो, टर्बो हवा पुरी देतो का ते पाहतो आणि मगच डिझेलला हात लावतो.