बोर्ड निवडताय? आधी बॉब सिमन्सला भेटा!

समजा, तुमच्यासमोर दोन शॉर्टबोर्ड उभे आहेत. दोन्ही 5 फूट 11 इंचांचे, रुंदी-जाडी जवळपास तीच, लिटरमधला व्हॉल्यूमचा आकडाही तोच. घ्यायचा कुठला? ज्याचा रंग आवडला तो? की आपला फेव्हरिट सर्फर वापरतो तो? जरा थांबा. उत्तर शोधायला पाऊण शतक मागे, कॅलिफोर्नियातल्या एका हट्टी पोराकडे जाऊया.

बॉब सिमन्सचा जन्म 1919 चा, लॉस एंजेलिसचा. शाळकरी वयातच घोट्याला गाठ झाली. पाय कापायचीच वेळ आली होती, ती थोडक्यात टळली. पायात ताकद यावी म्हणून पठ्ठ्या सायकल चालवायला लागला, तर अपघातात डाव्या हाताचं कोपर कायमचं अधू झालं. हॉस्पिटलमध्ये पडल्या पडल्या दुसऱ्या एका पेशंटकडून त्याला सर्फिंगबद्दल कळलं. धड एक हात चालत नाही आणि समुद्रात कसला उतरतोय, असं कुणालाही वाटेल. पण बॉब उतरला.

तेव्हाचे बोर्ड म्हणजे लाकडाची अवजड फळकुटं. रेडवुडचा भरीव बोर्ड 35-40 किलोंचा सहज भरायचा. तो किनाऱ्यापर्यंत नेतानाच धडधाकट माणसाची दमछाक व्हायची, मग बॉबचं काय होत असेल विचार करा. आपल्या हाताला पेलेल असा बोर्ड त्याला हवा होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

डोकं मात्र तल्लख. शाळा अर्धवट सुटूनही तो कॅलटेकसारख्या नामांकित संस्थेत इंजिनीअरिंग शिकला. महायुद्धानंतर फायबरग्लास, रेझिन, फोम अशा नव्या गोष्टी हाताशी येऊ लागल्या होत्या. त्यातच 1946 मध्ये लिंडसे लॉर्ड यांचा वेगवान बोटींच्या तळाच्या रचनेवरचा ग्रंथ आला. तळ्यात चपटा दगड तिरका भिरकावला की तो बुडायच्या आधी टप्पे घेत जातो ना? वेगात असलेली बोटही तशीच पाण्यावर उचलली जाते. हे गणित बॉबने बोर्डाला लावलं. रुंद शेपटी, वर उचललेलं नाक, पातळ कडा, काही बोर्डांना खाली दोन फिन. पुढे तर फोमचा गाभा, त्यावर प्लायवूड, कडेला बाल्सा आणि वरून फायबरग्लास असा सँडविच बोर्डच त्याने तयार केला. वजन एकदम खाली आलं आणि वेग वाढला.

पण गंमत पुढेच आहे. त्याच्याबरोबर काम केलेल्या जो क्विग आणि मॅट किव्हलिन यांना वेगळंच हवं होतं. बॉबचा बोर्ड लाटेवर सरळ रेषेत सुसाट जायचा, पण पटकन वळायचा नाही. या दोघांनी मालिबूच्या लांब, गुळगुळीत लाटांसाठी सहज वळणारे हलके बोर्ड बनवले. मग बरोबर कोण? दोघेही! प्रत्येकाने आधी लाट ठरवली, मग बोर्ड.

आता तुमच्या त्या दोन बोर्डांकडे या. लेबलवरचे आकडे सोडा. बोर्ड उताणा-पालथा करून, बाजूने डोळा लावून बघा. टोकापासून शेपटीपर्यंतचा बाक, म्हणजे रॉकर, कुणाचा जास्त आहे? जास्त बाकाचा बोर्ड उभ्या, पोकळ लाटेत नाक खुपसत नाही आणि छोट्या जागेत वळतो. मऊ लाटेवर मात्र रखडतो. चपटा बोर्ड अशक्त लाटेतही वेग पकडतो. रुंद शेपटी छोट्या लाटेत उचल देते, तर निमुळती शेपटी मोठ्या लाटेत पकड देते. म्हणजे आकडे जुळे, पण स्वभाव वेगळे! तुमच्या वाट्याला वर्षातले जास्त दिवस कुठली लाट येते, तुमचं वजन किती, दम किती, याची खरी उत्तरं दिलीत की दोनातला एक आपोआप बाजूला होतो. आणि गोव्यात किंवा मुल्कीला चार दिवस शिकून नुकतेच उभे राहायला लागला असाल, तर दोन्ही परत ठेवा. अजून लांब, रुंद बोर्डच तुमचा दोस्त आहे. यात कमीपणा कसला?

26 सप्टेंबर 1954 ला सॅन दिएगोच्या विंडनसी किनाऱ्यावर मोठ्या लाटा होत्या. बॉब त्या दिवशी पाण्यात उतरला आणि बुडाला. वय अवघं 35. बोर्ड पायाला बांधायची दोरी, लीश, तेव्हा आलेलीच नव्हती. चांगल्यात चांगला बोर्डसुद्धा समुद्रापुढे हमी देत नाही, हेही त्याच्याकडूनच शिकायचं. त्यामुळे निवडून झालं की लीश तपासा, आणि लाट आपल्या आवाक्यातली आहे ना, हे पाण्यात उतरायच्या आधी किनाऱ्यावर दहा मिनिटं उभं राहून बघा.