जंगलातली माती जागोजागी का बदलते? उत्तर शोधणारे डोकुचायेव

काहीशे किलोमीटर गेलं की माती बदलते. का? दीडशे वर्षांपूर्वी याचं सोपं उत्तर होतं : खालचा खडक वेगळा, म्हणून माती वेगळी. हे उत्तर अपुरं आहे, हे वासिली डोकुचायेव यांनी दाखवून दिलं.

त्यांचा जन्म १८४६ चा, रशियातल्या स्मोलेन्स्क प्रांतातला. वडील गावचे धर्मगुरू. मुलगाही त्याच वाटेवर होता, पण सेंट पीटर्सबर्गला आल्यावर त्याने धर्मशिक्षण सोडलं आणि निसर्गविज्ञान शिकायला घेतलं.

१८७७ पासून त्यांनी रशियाच्या काळ्या मातीची पाहणी सुरू केली. हजारो किलोमीटर फिरून, खड्डे खणून मातीचे थर तपासले. १८८३ मध्ये ‘रशियन चेर्नोझेम’ हा ग्रंथ आला.

त्यांचं म्हणणं असं : माती पाच गोष्टींतून घडते. हवामान, खडक, सजीव, जमिनीचा चढउतार आणि काळ.

उदाहरणार्थ, उत्तरेकडच्या थंड, ओल्या सूचीपर्णी जंगलात पानं हळूहळू कुजतात आणि माती आम्लधर्मी होते. तिथे बुरशीचं राज्य असतं. पाणी पोषकद्रव्यं खाली वाहून नेतं आणि राखेच्या रंगाचा थर उरतो. हा ‘पॉडझॉल’. दक्षिणेला पाऊस कमी. गवताची मुळं दरवर्षी जागीच कुजतात, कॅल्शियम टिकतं, जिवाणू फोफावतात आणि माती काळी होते. यातला सूक्ष्मजीवांचा तपशील पुढच्या संशोधकांनी भरला, पण चौकट डोकुचायेव यांची.

मग १८९१ चा दुष्काळ आला. इतक्या सुपीक मातीवर माणसं उपाशी मेली. जंगलं तोडली, गवताळ रानं नांगरली, त्यामुळे पाणी जमिनीत मुरेना, असं निदान डोकुचायेव यांनी १८९२ मध्ये मांडलं. ते नुसतं लिहून थांबले नाहीत. व्होरोनेझ प्रांतातल्या कामेन्नाया स्टेपमध्ये त्यांच्या मोहिमेने झाडांचे पट्टे लावले. ते आजही उभे आहेत.

१८९७ मध्ये पत्नी वारली. मानसिक आजाराने त्यांना घेरलं आणि १९०३ मध्ये, वयाच्या ५७ व्या वर्षी ते गेले.

त्यांचं म्हणणं पटवून घ्यायला रशियापर्यंत जायला नको. आपल्याकडे एकाच बेसाल्ट खडकापासून कोरड्या देशावर काळी माती झाली, तर महाबळेश्वरच्या धो धो पावसात तांबडा जांभा.