मार्सेल लूबेंस

पाताळाची वर्णने आम्ही पुराणकथांत ऐकली होती. परंतु स्वेच्छेने पाताळात उतरणारी माणसेही या जगात असतात, हे मार्सेल लूबेंस यांचे चरित्र वाचेपर्यंत आम्हांस ठाऊक नव्हते.

दक्षिण फ्रान्समधील माझेर या गावी १९२३ साली त्यांचा जन्म झाला. जवळच्या पिरेनीज पर्वतात चुनखडीचा खडक विपुल. शतकानुशतके पाणी झिरपून त्यात गुहा आणि खोल विवरे निर्माण झाली आहेत. नॉर्बेर कास्तरे हे थोर गुहासंशोधक त्याच प्रदेशातले. त्यांच्या सहवासात लूबेंस यांना या विद्येचा नाद लागला. १९४३ साली एन-मोर्त नावाच्या विवरात त्यांस दुखापत झाली. दुसरा कोणी असता तर पुन्हा तेथे फिरकला नसता. हे मात्र १९४७ च्या मोहिमेत पुनश्च तेथेच उतरले.

१९५० साली फ्रान्स-स्पेन सीमेवरील डोंगरात जॉर्ज लेपिनो यांना खडकातून एक पक्षी बाहेर उडताना दिसला. तेथील दगड बाजूस सारताच सुमारे ३२० मीटर खोलीचे सरळ विवर सापडले. चार कुतुबमिनार एकावर एक रचून आत सोडले, तरी वर जागा उरावी! १९५१ साली पायांनी फिरवावयाच्या रहाटाने माणसे खाली सोडली गेली. १९५२ साली विजेचा रहाट आला. बारीक पोलादी तारेच्या टोकाशी एक पकड होती आणि तिचे पेच आवळून माणसाच्या अंगावरील पट्टे तारेस जोडीत.

तळाशी काही दिवस संशोधन करून १३ ऑगस्ट १९५२ रोजी लूबेंस वर निघाले. सुमारे दहा मीटर चढले असतील, तोच ते खडकांवर कोसळले. तार शाबूत होती, पट्टेही शाबूत होते. तार पकडीतून निसटली होती. डॉक्टर मेरे त्याच विवरातून, तसल्याच तारेवर, त्यांच्याजवळ उतरले. त्या डॉक्टरांचे धैर्य आम्हांस लूबेंस यांच्याहून कमी वाटत नाही. परंतु शुद्ध आलीच नाही. १४ ऑगस्टच्या रात्री, अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी, लूबेंस यांची प्राणज्योत मालवली.

विहिरीवर पोहरा सोडताना आपण दोर पाहतो. फासाकडे कोण पाहतो? आज गुहेत उतरणारे नायलॉनचा दोर वापरतात व कड्या फार चिकित्सेने निवडतात. करॅबिनर या कडीला स्प्रिंगचे दार असते. लांबीच्या दिशेने किमान २० किलोन्यूटन, म्हणजे सुमारे दोन टन, ताण सोसणारी कडी दार उघडे राहिल्यास सुमारे ७ किलोन्यूटनच सोसते. म्हणून जिच्यावर जीव टांगावयाचा, तिचे दार पेचाने बंद होणारे हवे. कमरेचा पट्टा जोडण्यास पेचाची अर्धवर्तुळाकार कडी घेतात, कारण तेथे ताण अनेक दिशांनी पडतो. चिखलाने माखलेला दोर ॲल्युमिनियम झिजवितो. सबब जेथे दोर सतत घासतो, तेथे पोलाद बरे.

लूबेंस यांचा देह त्या वेळी वर काढणे धोक्याचे होते. सोबत्यांनी त्यांस तळाशीच दगडांखाली ठेविले आणि जवळच्या शिळेवर त्यांचे नाव कोरले. दोन वर्षांनी, ऑगस्ट १९५४ मध्ये, कास्तरे व इतर सहकारी पुन्हा उतरले. शवपेटी त्याच विवरातून वर आली आणि लूबेंस आपल्या गावी परतले.