विश्लेषण : अमेलिया एअरहार्ट यांना शेवटच्या टप्प्यात रेडिओने साथ का दिली नाही?

अटलांटिक महासागर विमानाने एकटीने ओलांडणाऱ्या पहिल्या महिला वैमानिक अमेलिया एअरहार्ट २ जुलै १९३७ रोजी प्रशांत महासागरावर बेपत्ता झाल्या. त्यांचा आवाज जहाजावर स्पष्ट ऐकू येत होता. जहाजाची उत्तरे मात्र त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हती. असे का झाले?

वैमानिक कशा झाल्या?

अमेरिकेतील कॅन्सस राज्यात २४ जुलै १८९७ रोजी त्यांचा जन्म झाला. १९२० मध्ये विमानातून पहिली फेरी मारली आणि पुढच्याच वर्षी नेटा स्नूक या महिला प्रशिक्षकाकडे त्या विमान चालवायला शिकू लागल्या. १९२८ मध्ये त्यांनी प्रवासी म्हणून अटलांटिक ओलांडला. नाव झाले, पण विमान दुसऱ्यांनी चालवले होते. मे १९३२ मध्ये न्यूफाउंडलंडहून एकटीने उड्डाण करत त्या सुमारे १५ तासांत उत्तर आयर्लंडला उतरल्या.

जगप्रदक्षिणा कुठवर आली होती?

१ जून १९३७ रोजी दिशादर्शक फ्रेड नूनन यांच्यासह त्या लॉकहीड इलेक्ट्रा विमानातून मायामीहून निघाल्या. दक्षिण अमेरिका, आफ्रिका, कराची, कोलकाता असा प्रवास करत त्या न्यू गिनीतील लाए येथे पोहोचल्या. पुढचा थांबा होता हाउलँड बेट : सुमारे ४,१०० किलोमीटर दूर आणि जेमतेम अडीच किलोमीटर लांब. वाट दाखवण्यासाठी अमेरिकी तटरक्षक दलाचे ‘इटास्का’ जहाज तिथे उभे होते.

रेडिओचे गणित कुठे चुकले?

कोणत्या फ्रिक्वेन्सीवर, कोणत्या पद्धतीने बोलायचे याबाबत विमान आणि जहाज यांच्यात पुरेसा मेळ नव्हता. जहाज मोर्स संकेतावरही भिस्त ठेवून होते. विमानातील दोघांनाही मोर्स सराईतपणे येत नव्हता. ५०० किलोहर्ट्झसाठी उपयोगी पडणारी लांब अँटेना विमानात नव्हती. एअरहार्ट यांनी ७,५०० किलोहर्ट्झवर संकेत मागितला. तो त्यांना ऐकू आला, पण त्यावरून दिशा काढता आली नाही. त्यांची बोलणी इतकी त्रोटक होती की जहाजालाही विमानाची दिशा सापडेना.

सकाळी ७.४२ वाजता त्यांनी कळवले, की आपण जहाजाच्या जवळच असायला हवे, पण ते दिसत नाही आणि इंधन संपत आले आहे. ८.४३ च्या सुमारास आपण उत्तर-दक्षिण रेषेवर उडत असल्याचे सांगून त्या दुसऱ्या फ्रिक्वेन्सीकडे वळल्या. त्यानंतर काही काळातच संपर्क कायमचा तुटला. शोधमोहीम १९ जुलैला थांबली. ५ जानेवारी १९३९ रोजी त्यांना कायदेशीररीत्या मृत घोषित करण्यात आले.

आज काय वेगळे आहे?

आज छोट्या खासगी विमानाचा वैमानिकही नियंत्रण कक्षाच्या महत्त्वाच्या सूचना उलट म्हणून दाखवतो, म्हणजे समोरच्याने नेमके काय ऐकले हे लगेच कळते. आणीबाणीसाठी १२१.५ मेगाहर्ट्झ ही फ्रिक्वेन्सी जगभर राखीव आहे. रेडिओ बंद पडलाच, तर ट्रान्सपाँडरवर ७६०० हा कोड लावला की नियंत्रकाला रडारवर ते समजते. एअरहार्ट यांच्या हाताशी यातले काहीच नव्हते.