फ्लॉरेन्स नाइटिंगेल

इंग्लंडमधील एक श्रीमंत दांपत्य इटलीच्या प्रवासात असताना, १२ मे १८२० रोजी, फ्लॉरेन्स नगरीत त्यांना कन्या झाली. नगरीचेच नाव तिला मिळाले. वडिलांनी तिला ग्रीक, लॅटिन व इतिहास हे विषय स्वतः शिकविले. गणिताची तर तिला विलक्षण गोडी होती. सोळा वर्षांची असताना, १८३७ साली, ईश्वर आपणास त्याच्या सेवेसाठी बोलावीत आहे, असे तिला तीव्रतेने वाटले. ती सेवा कोणती, हे उमगण्यास मात्र काही वर्षे लागली. शेजारच्या खेड्यांतील गरिबांच्या झोपड्यांत जाऊन आजाऱ्यांची विचारपूस करता करता तिची खात्री पटली, की रुग्णांची शुश्रूषा हीच आपली ईश्वरपूजा.

घरच्या मंडळींना हा विचार मुळीच रुचला नाही. त्यांना सर्वस्वी दोष देता येणार नाही. त्या काळी इस्पितळे अत्यंत गलिच्छ असत, आणि तेथे काम करणाऱ्या स्त्रिया अडाणी व मद्यपी असतात, अशीच सर्वत्र समजूत होती. फ्लॉरेन्सने धीर सोडला नाही. अखेर १८५१ मध्ये जर्मनीतील कायझरवर्थ येथील संस्थेत तिने तीन महिने शिक्षण घेतले व १८५३ मध्ये लंडनमधील एका लहानशा रुग्णालयाची व्यवस्था तिच्या हाती आली.

पुढच्याच वर्षी इंग्लंड व फ्रान्स ही राष्ट्रे तुर्कस्तानच्या बाजूने रशियाविरुद्ध युद्धात उतरली. क्रिमियाच्या रणभूमीवर जखमी झालेल्या इंग्रज सैनिकांना जहाजांत घालून, काळा समुद्र ओलांडून, कॉन्स्टँटिनोपलसमोरील स्कुटारीच्या इस्पितळात आणीत. तेथील हालांची वार्ता वृत्तपत्रांत येताच सारा देश हळहळला. सिडनी हर्बर्ट या मंत्र्यांच्या विनंतीवरून फ्लॉरेन्स ३८ परिचारिकांसह निघाली व ४ नोव्हेंबर १८५४ रोजी स्कुटारीस पोहोचली. या ३८ जणींत कॅथलिक जोगिणी होत्या, प्रॉटेस्टंट भगिनी होत्या, पगारी परिचारिकाही होत्या. रुग्ण कोणत्याही पंथाचा असो, त्याला धर्मोपदेश करावयाचा नाही, असा तेथे दंडक होता.

लष्करी डॉक्टरांना स्त्रियांची ही ढवळाढवळ नको होती. फ्लॉरेन्सने वाद घातला नाही. डॉक्टरांनी बोलाविल्यावाचून कोणीही रुग्णाच्या खाटेजवळ जाऊ नये, अशी तिने सर्वांना सक्त ताकीद दिली. पलीकडे माणसे कण्हत असताना हात आवरून धरणे किती कठीण गेले असेल! थोड्याच दिवसांत जखमींची अशी रीघ लागली, की डॉक्टरांनी आपण होऊन मदत मागितली. मग फरशा घासण्याचे ब्रश आले, धुलाईघर निघाले, पथ्याच्या अन्नासाठी वेगळे स्वयंपाकघर सुरू झाले. साधा शिपाई म्हणजे दारुडा व उनाड, असे वरिष्ठ अधिकारी मानीत. फ्लॉरेन्स त्यालाही सन्मानाने वागवी. मरणोन्मुख सैनिकाचे अखेरचे पत्र ती त्याच्या घरी लिहून पाठवी. पगारातील शिल्लक घरी धाडण्याची सोयही तिने करून दिली. रात्री हाती दिवा घेऊन ती खाटांच्या लांबच लांब रांगांतून फिरे. दिवा घेतलेली ही मूर्ती जगाच्या स्मरणात राहिली.

परंतु तिची खरी कसोटी पुढेच लागली. एवढी सेवा करूनही माणसे मरतच होती. फेब्रुवारी १८५५ मध्ये त्या इस्पितळातील मृत्यूंचे प्रमाण शेकडा ४२ वर गेले, आणि यांतील बहुतेक मृत्यू जखमांनी नव्हे, तर पटकी, हगवण व ताप यांनी झाले. मार्चमध्ये सरकारने पाठविलेल्या तज्ज्ञांना आढळले, की इमारतीच्या खालीच गटारे तुंबली आहेत व पाण्याच्या नळात मेलेला घोडा सडत आहे. गटारे धुतली, भिंतींना चुना दिला, खेळती हवा येऊ दिली. जूनपर्यंत ते प्रमाण शेकडा दोनवर आले.

१८५६ मध्ये फ्लॉरेन्स मायदेशी परतली, तेव्हा लोक तिचा जयजयकार करीत होते. ती मात्र विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाच्या साहाय्याने मृत्यूंचे आकडे तपाशीत बसली. निकृष्ट अन्न व अतिश्रम यांनी सैनिक मेले, असे तिला आजवर वाटत होते. आकडे निराळेच सांगत होते: जेथे ती राबली, त्या इस्पितळाच्या घाणीनेच असंख्य बळी घेतले होते. हे सत्य झाकून ठेवणे सोपे होते. तिने ते आकृत्या काढून मांडले, व सरकार अहवाल प्रसिद्ध करीना, तेव्हा स्वतः छापवून जाणत्या लोकांकडे पाठविला. माझ्या मते, तिच्या हातातील दिव्याहूनही हे धैर्य मोठे होय.

रोगजंतूंचे ज्ञान तेव्हा नव्हते. दूषित हवेने रोग होतात, असेच ती मानी. तरीही तिने सांगितलेली स्वच्छता उपकारकच ठरली. १८६० मध्ये लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात तिच्या नावाची परिचारिका शाळा निघाली. शुश्रूषेवरील आपल्या पुस्तकात तिने लहान लहान गोष्टींचाही विचार केला आहे. खिडकी उघडी ठेवावी. रुग्णाच्या दाराबाहेर कुजबुजू नये. त्याला मान वळवावी लागणार नाही, अशा जागी बसून त्याच्याशी बोलावे. फुले त्याच्या दृष्टीस पडू द्यावीत. क्रिमियात जडलेल्या आजाराने ती स्वतः कित्येक वर्षे अंथरुणास खिळली होती. तेथूनच ती हिंदुस्थानातील छावण्यांच्या व खेड्यांच्या आरोग्याविषयी सरकारशी लिहून भांडत राहिली. या देशात मात्र तिचे पाऊल कधीच लागले नाही.

१३ ऑगस्ट १९१० रोजी तिचे देहावसान झाले. इंग्लंडमधील थोर पुरुषांच्या शेजारी, वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये तिला जागा देऊ केली होती. कुटुंबीयांनी ती नम्रपणे नाकारली. ईस्ट वेलो या खेड्यातील तिच्या समाधीच्या दगडावर पूर्ण नावही नाही. नावाची दोन आद्याक्षरे व जन्ममृत्यूच्या तारखा तेवढ्या कोरल्या आहेत.