बंदिवान आणि विजेता

कावेरीच्या दोन प्रवाहांनी वेढलेले श्रीरंगपट्टण म्हैसूर शहराच्या जवळच वसलेले आहे. देवराज मोहल्ल्यातील गजबजलेली बाजारपेठ मागे टाकून निघालेला प्रवासी थोड्याच वेळात तेथे पोहोचतो. दर्या दौलत महालाच्या भिंतीवर त्याला पोल्लिलूरच्या लढाईचे भव्य चित्र दिसते. किल्ल्यात इंग्रज कैद्यांची म्हणून दाखवली जाणारी कोठडीही पाहावयास मिळते. या दोन्हींशी ज्याचे आयुष्य जोडले गेले, तो स्कॉटलंडमधील एका खानदानी घराण्यातील सेनानी म्हणजे डेव्हिड बेअर्ड.

बेअर्ड यांचा जन्म डिसेंबर १७५७ मध्ये एडिंबरोजवळील न्यूबाइथ येथे झाला. पंधराव्या-सोळाव्या वर्षीच ते सैन्यात दाखल झाले. पुढे हायलँडर सैनिकांच्या एका नव्या पलटणीत कॅप्टन होऊन ते १७८० मध्ये मद्रासेस आले. त्याच वर्षी हैदरअलीने कर्नाटकावर स्वारी केली. १० सप्टेंबर १७८० रोजी कांचीपुरमजवळील पोल्लिलूर येथे हैदर व टिपू यांच्या फौजेने कर्नल बेली यांच्या तुकडीचा धुव्वा उडवला. गंभीर जखमी झालेले बेअर्ड शत्रूच्या हाती सापडले. त्या वेळी त्यांचे वय अवघे बावीस वर्षांचे होते.

श्रीरंगपट्टणच्या बंदिशाळेत त्यांनी सुमारे साडेतीन वर्षे काढली. शरीरात रुतलेली बंदुकीची गोळी सुटकेपर्यंत तशीच राहिली. कैद्यांना बेड्या घालण्याची वेळ आली, तेव्हा त्यांच्या जखमा पाहून एका सहकाऱ्याने त्यांच्या वाट्याच्या बेड्याही आपल्याच पायांत घालाव्यात अशी विनंती केली, असे सांगितले जाते. अनेक सोबती त्या कैदेत मरण पावले. १७८२ मध्ये बेली यांचाही तेथेच अंत झाला. १७८४ च्या मंगळूर तहानंतर बेअर्ड मुक्त झाले.

सुटकेनंतर त्यांनी सैन्य सोडले नाही. १७९२ मध्ये कॉर्नवॉलिस यांनी श्रीरंगपट्टणला वेढा घातला, तेव्हा बेअर्ड त्या सैन्यात होते. हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजाही त्या मोहिमेत इंग्रजांच्या बाजूने उतरल्या होत्या. तह होऊन टिपूचे निम्मे राज्य गेले, पण राजधानी राहिली. सात वर्षांनी अखेरचा संग्राम झाला. तटाला खिंडार पडल्यावर निर्वाणीच्या हल्ल्याचे नेतृत्व बेअर्ड यांनी स्वतः मागून घेतले. ४ मे १७९९ रोजी भर दुपारी चार हजारांहून अधिक सैनिक नदीचे उथळ पात्र ओलांडून धावले. अल्पावधीतच खिंडारावर इंग्रजी निशाण फडकले. ज्या नगरीत बेअर्ड यांनी बेड्या वाहिल्या होत्या, तिचे ते विजेते ठरले.

परंतु त्यांची खरी कसोटी यानंतर होती. टिपूचे पुत्र राजवाड्यात होते. वेढ्याच्या काळात इंग्रज कैद्यांना ठार मारल्याची वार्ता ऐकून बेअर्ड संतप्त झाले होते. सूड घेण्यास त्यांच्याइतके कारण क्वचितच कोणाला असेल. तथापि ते राजपुत्र समोर येताच त्यांचा राग ओसरला. त्यांनी मुलांना अभय दिले व संरक्षणात छावणीकडे पाठवले. रात्री मशालींच्या उजेडात एका दरवाज्यात प्रेतांच्या राशीखाली टिपूचा देह सापडला. दुसऱ्या दिवशी लष्करी मानवंदनेसह हैदरअलीशेजारी त्याचे दफन झाले. मात्र त्याच रात्री विजयी सैनिकांनी शहराची अमर्याद लूट केली. सेनापतीच्या मनाला जो संयम साधला, तो सैन्याला साधला नाही.

दुसऱ्याच दिवशी शहराचा अधिकार गव्हर्नर-जनरलचे बंधू आर्थर वेलस्ली यांच्याकडे सोपवण्यात आला. हा अन्याय बेअर्ड यांना फार झोंबला. त्यांनी वरिष्ठांकडे लेखी तक्रार केली, पण उलट त्यांचीच कानउघाडणी झाली. सैन्याने मात्र टिपूची तलवार त्यांना भेट देऊन आपला आदर व्यक्त केला.

पुढील कारकीर्दही तितकीच खडतर होती. १८०१ मध्ये हिंदुस्थानी शिपायांचा समावेश असलेली फौज तांबड्या समुद्रातून नेऊन, इजिप्तचे वाळवंट तुडवीत ते नाईल नदीपर्यंत पोहोचले. १८०६ मध्ये त्यांनी डचांकडून केप वसाहत जिंकली. १८०९ मध्ये स्पेनमधील कोरुन्याच्या लढाईत त्यांनी डावा हात गमावला. त्याच वर्षी त्यांना बॅरोनेट हा वंशपरंपरागत किताब मिळाला. ऑगस्ट १८२९ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्या पत्नीने चित्रकार डेव्हिड विल्की यांच्याकडून एक भव्य चित्र काढून घेतले. १८३९ मध्ये पूर्ण झालेल्या या चित्रात बेअर्ड टिपूच्या मृतदेहाजवळ उभे आहेत आणि त्यांच्या पायांखाली तळघराची लोखंडी जाळी आहे. २०२३ मध्ये त्यांना भेट मिळालेली तलवार लंडनमध्ये सुमारे एक कोटी चाळीस लाख पौंडांना विकली गेली. तलवारीचे मोल पैशात झाले. पण वैऱ्याची मुले हाती आली असता स्वतःच्या बेड्यांचा सूड न घेण्याच्या त्या एका क्षणाचे मोल कोणत्याही लिलावात ठरण्यासारखे नाही.