न गाणारा नट : गणपतराव बोडस

संगीत नाटक म्हटले की आपल्याला बालगंधर्व आठवतात, मास्टर दीनानाथ आठवतात. पण त्याच काळात एक नट असा होता की जो गायक म्हणून ओळखला जात नव्हता, तरीही त्याच्यासाठी लोक तिकीट काढीत. त्यांचे नाव गणेश गोविंद ऊर्फ गणपतराव बोडस. त्यांच्या आयुष्यातील एक मोठा प्रसंग आपल्या बडोद्यात घडला, म्हणून त्यांची ओळख आपल्याला हवीच.

गणपतरावांचा जन्म २ जुलै १८८० रोजी अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील शेवगाव येथे झाला. त्याच वर्षी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले आणि मराठी संगीत नाटकाचे युग सुरू झाले. पुढे गणपतराव किर्लोस्कर नाटक मंडळीतच दाखल झाले. तेथे त्यांना गोविंद बल्लाळ देवलांसारखा शिस्तीचा गुरू मिळाला. वाक्य कुठे तोडायचे, शब्दावर किती जोर द्यायचा, हे देवल नटांकडून घोटून घेत.

त्या काळात ध्वनिक्षेपक नव्हते. शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवायचा तो नटाने स्वतःच्या आवाजावर. एकेका पदाला अनेकदा ‘वन्समोअर’ मिळे आणि नाटक रात्रभर चाले. गाण्यात रमलेल्या प्रेक्षकाला पुन्हा कथेकडे वळवण्याचे अवघड काम गद्य भूमिका करणाऱ्या नटाकडे असे. गणपतराव त्यात तरबेज झाले.

१९११ मध्ये कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘मानापमान’ आले. त्यात गणपतरावांनी श्रीमंत पण भित्र्या लक्ष्मीधराची भूमिका केली आणि लोकांना पोट धरून हसवले. १९१३ मध्ये बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस हे तिघे किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले व त्यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाडांनी या मंडळीला बडोदे सरकारचा आश्रय दिला. नंतर देवलांच्या ‘संशयकल्लोळ’ नाटकातील फाल्गुनराव त्यांनी असा रंगवला की संशयी माणसाला आजही मराठीत फाल्गुनराव म्हणतात.

म्हणजे प्रेक्षकांच्या मनात गणपतराव हे हसवणारे नट म्हणून पक्के बसले होते. अशा नटाने रडवायचे कसे? ही कसोटी ‘एकच प्याला’ने घेतली.

हे नाटक राम गणेश गडकऱ्यांचे. गडकऱ्यांचा जन्म नवसारी भागातला, म्हणजे त्या वेळच्या बडोदे संस्थानातलाच. २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथे ते वारले. नाटक लिहून झाले होते, पण ते रंगभूमीवर पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. त्यानंतर २८ दिवसांनी, २० फेब्रुवारी १९१९ रोजी, बडोद्यात ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग झाला. सिंधू होते बालगंधर्व आणि सुधाकर होते गणपतराव.

सुधाकर हा बुद्धिमान, मानी वकील. कोर्टात झालेला अपमान त्याला सोसत नाही. दुःख विसरण्यासाठी तो एक प्याला घेतो आणि त्या एकातून संसाराची राखरांगोळी होते. या भूमिकेत धोका दोन्ही बाजूंनी होता. दारुड्याचे झोकांडे जरा जास्त झाले की प्रेक्षक हसणार. अगदीच कमी केले तर व्यसनाची भीती वाटणार नाही. शिवाय सुधाकराचा नुसता राग येऊन चालत नाही. त्याची कीवही यावी लागते. गाण्याचा आधार न घेता गणपतरावांनी हे साधले. कालपर्यंत त्यांना पाहून हसणारे लोक आता डोळे पुसू लागले. सुधाकर म्हणजे बोडस, हे समीकरण मराठी रंगभूमीवर कायमचे झाले.

पुढे ते गंधर्व मंडळीतून बाहेर पडले, तरी रंगभूमी त्यांनी सोडली नाही. ‘माझी भूमिका’ या नावाने त्यांनी आत्मचरित्र लिहिले. जुन्या नाटक मंडळ्यांचे दिवस समजून घेण्यासाठी अभ्यासक आजही ते वाचतात. १९५६ मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. २३ डिसेंबर १९६५ रोजी, वयाच्या ८५ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्यांच्या अभिनयाचे चित्रीकरण आज आपल्याला पाहायला मिळत नाही. उरली आहे ती आठवण आणि नाटकांची पुस्तके. स्नेहसंमेलनात आपल्यापैकी ज्यांच्या वाट्याला गाणे किंवा नाच येत नाही, चार वाक्यांचीच भूमिका येते, त्यांनी नाराज होऊ नये. सुरांच्या त्या जमान्यात गणपतराव शब्दांवरच उभे राहिले होते. तेव्हा ती चार वाक्ये शेवटच्या रांगेतल्या आजीला स्पष्ट ऐकू जातील, एवढी तयारी जरूर करावी.